‘घर माझे आहे, मग परवानगी कशाला?’ : घरगुती व्यवसायाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

घरातून व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो : “घर तुमच्या मालकीचे असेल, तर त्यात कोणता व्यवसाय करायचा हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे. झोनिंगचे नियम दुकाने आणि कारखान्यांसाठी असतात, घरांसाठी नाहीत. व्यवसायाची नोंदणी केली आणि कर भरला की सरकारची परवानगी मिळालीच. काम ऑनलाइन असेल तर प्रश्नच येत नाही. शेजाऱ्यांची तक्रार नसेल तोवर कोणी काही करू शकत नाही, आणि काही वर्षे निघून गेली की तो तुमचा हक्क होतो.”

(झोनिंग म्हणजे शहराचे विभाग पाडून कोणत्या भागात कोणता वापर चालेल हे ठरवणे.) या सहा दाव्यांपैकी एकही दावा जसाच्या तसा खरा नाही. काहींमध्ये सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच हा संदेश जास्त घातक आहे. त्यावर विसंबून माणसे बचत मोडून यंत्रे घेतात, भिंत पाडून खोली मोठी करतात, वर्षभराची मागणी स्वीकारतात, आणि नंतर महापालिकेची नोटीस आली की गुंतवलेला पैसा आणि मिळवलेले ग्राहक दोन्ही एकदम धोक्यात येतात. ज्यांना बाहेर जागा भाड्याने घेणे परवडत नाही, ज्यांना मुलांचे किंवा वृद्धांचे करताना घर सोडता येत नाही, अशांनाच घरगुती व्यवसायाची सर्वांत जास्त गरज असते, आणि चुकीच्या माहितीची झळही त्यांनाच अधिक बसते. म्हणून प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा मालकीचा. मालकी आणि वापर या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन किंवा इमारत कोणाची आहे हे खरेदीखत सांगते. तिचा कोणता वापर करता येईल हे त्या शहराचा विकास आराखडा आणि त्याची नियमावली ठरवते. ही कल्पना आजची नाही. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी वापर-विभागांचे नियम लागू केले, आणि दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका मालकीचाच प्रश्न आला. ओहायो राज्यातील क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या गावात ६८ एकर जमीन असलेल्या एका कंपनीचे म्हणणे असे होते की, आपल्या जमिनीचा वापर ठरवून देणे म्हणजे योग्य प्रक्रियेशिवाय मालमत्ता हिरावून घेणे आहे. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने हे म्हणणे फेटाळले. एखादी गोष्ट स्वतःत वाईट नसते, पण चुकीच्या ठिकाणी असली की तिचा उपद्रव होतो, आणि असा उपद्रव होण्याआधीच टाळण्याचा अधिकार नगरप्रशासनाला आहे, असा त्या निकालाचा रोख होता. तेव्हापासून तिथे वाद मर्यादा किती असावी याविषयी होत आले आहेत; मर्यादा घालताच येत नाही, हे म्हणणे तेव्हाच निकालात निघाले.

मालकीच्या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो. सदनिकेचा मालक इमारतीच्या जिन्याचा, लिफ्टचा, वाहनतळाचा एकटा मालक नसतो. व्यवसायाला येणारी माणसे आणि माल याच सामायिक जागांतून ये-जा करतात. त्यामुळे शहराचा नियम अनुकूल असला तरी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी, भाडेकरू असल्यास भाडेकरार, आणि कर्ज असल्यास कर्जाच्या अटी या स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. यांपैकी एकाची संमती दुसऱ्याच्या संमतीची जागा घेत नाही.

दुसरे वाक्य सर्वांत दिशाभूल करणारे आहे. झोनिंगचे नियम घरांसाठी नसतात असे म्हणणारा माणूस नियमावली उघडून पाहत नाही, एवढेच त्यातून दिसते. कारण घरात बसून केलेला व्यवसाय कशाला म्हणायचे आणि त्याला किती मोकळीक द्यायची, यावर अनेक शहरांनी बारकाईने विचार करून मजकूर लिहिलेला आहे. हा मजकूर वाचला की एक गोष्ट लक्षात येते. नियमांचे लक्ष व्यवसायाच्या नावापेक्षा त्याच्या परिणामांवर असते : घराचा किती भाग वापरला जातो, बाहेरचे किती लोक कामाला येतात, ग्राहक किती आणि कसे येतात, यंत्रे किती शक्तीची आहेत, बाहेरून पाहणाऱ्याला ते घर वाटते की दुकान, आणि आवाज, धूर, वास, कंपने शेजारच्या भिंतीपलीकडे जातात की नाही.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील घरगुती व्यवसायाची व्याख्या या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिच्यानुसार काम त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीने, पगारी मजूर न ठेवता करायचे आहे. घराचा काही भाग निवासाखेरीज इतर कामासाठी वापरला जातो असे बाहेरून दाखवणारे काहीही, म्हणजे फलकसुद्धा, नको. जे तिथे तयार होते तेच तिथून विकायचे. बाहेरून आणलेला माल मांडून विकायचा नाही. काम धोकादायक नसावे, यंत्रे साधारणपणे घरात असतात तशीच असावीत, आणि शक्तीवर चालणारी यंत्रे असतील तर एकूण वीजभार ०.७५ किलोवॅटच्या वर जाता कामा नये. खानपानगृह चालवणे या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेले आहे. ही नियमावली २०१८ मध्ये बदलली, आणि आज काम सुरू करणाऱ्याने आज लागू असलेला मजकूरच पाहिला पाहिजे; परंतु घरासाठी नियमच नसतात, हे विधान खोडून काढायला ही एक व्याख्या पुरेशी आहे.

त्यातील ०.७५ किलोवॅट हा आकडा थोडा जवळून पाहू. तो म्हणजे साधारण एक अश्वशक्ती. जपानमध्ये कमी उंचीच्या घरांसाठी राखलेल्या सर्वांत कडक निवासी विभागात घराला जोडून लहान दुकान, कार्यालय किंवा कारागिराची खोली चालवता येते. अट अशी की व्यवसायाचा भाग ५० चौरस मीटरच्या आत असावा, घराचा निम्मा भाग तरी राहण्यासाठीच असावा, आणि कारागिरीच्या कामात मोटर वापरल्यास सर्व मोटरींची मिळून शक्ती ०.७५ किलोवॅटच्या आत असावी. इतक्या दूरच्या दोन नियमावल्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात, यामागे व्यवहाराची समज आहे असे मला वाटते. घरगुती शिलाई यंत्राची मोटर शंभर वॅटच्या आसपास असते. अशी तीन-चार यंत्रे एकाच वेळी चालली तरी मर्यादा ओलांडली जात नाही. कारखान्यात वापरतात त्या प्रकारचे, ४०० वॅटच्या मोटरचे एक यंत्र मर्यादेत बसते. त्याच प्रकारचे दुसरे आणले की बेरीज ८०० वर जाते आणि मर्यादा मोडते. कपडे शिवणारी व्यक्ती तीच, खोलीही तीच, पण खालच्या मजल्यावर पोहोचणारा आवाज आणि कंपने आता तीच राहत नाहीत. घरगुती शिवणकाम आणि कारखाना यांच्यातली रेषा कुठे काढायची याचे हे मोजता येण्याजोगे उत्तर आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही, पण दुसरे यंत्र विकत घेण्यापूर्वी ते माहीत असणे किती मोलाचे आहे हे वेगळे सांगायला नको.

न्यूयॉर्कचे २०२४ च्या बदलांपूर्वीचे नियम याहूनही तपशीलवार होते. घराच्या एकूण क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांपेक्षा आणि कोणत्याही परिस्थितीत ५०० चौरस फुटांपेक्षा जास्त जागा व्यवसायाला देता येत नसे. शिकवण्या घेता येत, पण एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत; आणि संगीताची शिकवणी असेल तर एका वेळी एकच विद्यार्थी. हा फरक विषयांच्या प्रतिष्ठेचा नव्हता. चार मुले गणित सोडवत बसली तर शेजाऱ्याला कळतही नाही, चार मुले एकत्र वाद्य वाजवू लागली तर सगळ्या मजल्याला कळते. केशकर्तनालय, सौंदर्यप्रसाधनगृह, विम्याचे कार्यालय, जाहिरात संस्था यांना मात्र त्या नियमांत घरगुती व्यवसाय म्हणून जागाच नव्हती. विमा आणि जाहिरातीचे काम एका टेबलावर शांतपणे होऊ शकते, तेव्हा त्यांना मनाई करणे मला स्वतःला अन्यायाचे वाटते. परंतु नियम अन्यायाचा असणे आणि नियम नसणे यांत गल्लत करून चालणार नाही.

जर्मनीचा दृष्टिकोन आणखी वेगळा आहे. तिथल्या बांधकाम-वापर नियमावलीच्या तेराव्या कलमानुसार वकील, डॉक्टर, वास्तुरचनाकार यांच्यासारख्या स्वतंत्र व्यावसायिकांना निवासी विभागात ‘खोल्या’ वापरता येतात, संपूर्ण इमारत मात्र नाही. इमारतभर कार्यालये झाली तर रात्री तिथे राहणारे कोणी उरत नाही आणि विभाग निवासी राहत नाही, हे त्यामागचे कारण. डॉक्टरच्या दवाखान्याला कोणी हरकत घेत नाही म्हणून सगळी इमारत दवाखान्यांची करता येते, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे कलम जरूर विचारात घ्यावे.

आता नोंदणी आणि कर. माझ्या मते प्रामाणिक माणसाची फसगत सर्वांत जास्त इथे होते, कारण तो खरोखर नियम पाळत असतो. त्याच्याकडे नोंदणीचे प्रमाणपत्र असते, कराचा क्रमांक असतो, विवरणपत्रे वेळेवर भरलेली असतात. मग एवढी कागदपत्रे असताना आपण बेकायदा कसे ठरतो, हे त्याला कळतच नाही. उत्तर असे की प्रत्येक कार्यालय वेगळा प्रश्न विचारत असते. कर खात्याचा प्रश्न असतो, उत्पन्न किती आणि त्यावर कर भरला का. कामगार खात्याला माणसे किती आहेत आणि त्यांच्या सेवाशर्ती काय आहेत हे हवे असते. खाद्यपदार्थांसारख्या व्यवसायात परवाना देणारी यंत्रणा स्वच्छता आणि सुरक्षितता पाहते. या जागेत हे काम करता येते का, हा प्रश्न फक्त नगररचना विभाग विचारतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही, व्यवसाय सुरू केल्याची सूचना देऊन पोच घेणे पुरते. ही पोच म्हणजे सूचना मिळाल्याचा पुरावा. ती देताना कोणी विकास आराखडा उघडून तुमचे घर कोणत्या विभागात येते हे तपासलेले नसते, आणि म्हणून ती पोच भिंतीवर लावल्याने जागेच्या वापराला मंजुरी मिळत नाही.

कर भरण्याने वापर नियमित होतो हा समजही याच गोंधळातून आलेला आहे. बिगरनिवासी दराने मालमत्ता कर आकारला गेला, तर तो प्रत्यक्षात जो वापर चालू आहे त्यावर आकारलेला असतो. वापराला दिलेली संमती म्हणून तो आकारला जात नाही. वीजजोडणीच्या दरवर्गाचेही तसेच. वापरबदलाची परवानगी लागत असेल तर ती तिच्या स्वतःच्या अर्जावर, तिच्या स्वतःच्या आदेशानेच मिळते.

चौथा मुद्दा ऑनलाइन कामाचा, आणि यात सत्याचा अंश मोठा आहे. भाषांतर, हिशेब, संगणक प्रणाली लिहिणे, रेखाटन, दूरस्थ सल्ला, अशी कामे घरातल्या व्यक्तीने टेबलावर बसून केली तर बहुतेक नियमावल्यांत ती निर्धास्तपणे बसतात. इंग्लंडच्या १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात घराच्या उपभोगाला आनुषंगिक असलेला वापर हा ‘विकास’ मानलाच जात नाही, त्यामुळे घराचे घरपण न बदलणाऱ्या कामाला तिथे वेगळी परवानगी लागत नाही. अशा कामासाठी कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि मी हे मुद्दाम सांगतो, कारण प्रतिवाद वाचून कोणी निरुपद्रवी काम बंद करावे असे मला अजिबात वाटत नाही.

अडचण अशी की ‘ऑनलाइन’ हे विक्रीच्या मार्गाचे वर्णन आहे, जागेच्या वापराचे नव्हे. एखादे दांपत्य मोबाइलचे सुटे भाग संकेतस्थळावरून विकते असे धरू. सुरुवातीला दिवसाला दोन पार्सले निघतात आणि ती स्वतःच पोस्टात नेऊन देता येतात. मागणी वाढली की एक खोली कपाटांनी भरते. खोकी आधी दारामागे, मग दाराबाहेर, मग जिन्याच्या वळणावर येतात. पार्सल नेणारी गाडी रोज ठरलेल्या वेळी फाटकात उभी राहते आणि मागची वाहने अडकतात. बांधणीसाठी दोन मुले येऊ लागतात. मालात लिथियम बॅटऱ्या असतील तर त्या खोलीचा आगीचा धोका राहत्या खोलीचा राहत नाही. ग्राहक एकदाही घरी आला नाही, तरी आता ते घर गोदाम झालेले आहे, आणि आग लागलीच तर जिन्यातल्या खोक्यांमुळे वरच्या मजल्यावरची माणसे खाली उतरू शकणार नाहीत. नियम या परिस्थितीकडे साठवण आणि वाहतूक म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. शिवाय केवळ निवासासाठी काढलेल्या विम्यात व्यवसायाचा माल धरलेला असतोच असे नाही, तेव्हा विमापत्राच्या अटीही वाचून घ्याव्यात.

शेजाऱ्यांची तक्रार नसेल तर कोणी काही करू शकत नाही, या वाक्याला दिल्लीने फार मोठी किंमत मोजून उत्तर दिलेले आहे. तिथल्या निवासी वसाहतींत वर्षानुवर्षे दुकाने आणि कार्यालये चालू होती. कित्येक ठिकाणी शेजारीच त्यांचे ग्राहक होते. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी जागांच्या अशा गैरवापराविरुद्ध जागा मोहोरबंद करण्याचे आदेश दिले आणि पुढच्याच महिन्यात त्यावर देखरेखीसाठी समिती नेमली. ज्यांच्याविरुद्ध शेजाऱ्याने कधी एक शब्द काढला नव्हता, त्यांनाही कुलूप लागण्याची भीती निर्माण झाली. त्यानंतर फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या ‘दिल्ली बृहत् आराखडा २०२१’ ने ठरावीक रस्त्यांवर मिश्र वापराला वाट करून दिली आणि डॉक्टर-वकिलांसारख्या व्यावसायिकांना घराचा निम्म्यापर्यंतचा भाग कामासाठी वापरण्याची मुभा दिली. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. कारवाईचा आधार नियमाचा भंग असतो, तक्रार हे ती सुरू होण्याचे केवळ एक निमित्त असते; आणि लोकांची खरी गरज नियमात बसवणे शक्य असते, फक्त ते नियम बदलून करावे लागते. शेजारीही कायमचे तेच नसतात. आज शेजारी जो आहे तो घर विकून गेला आणि नव्याने आलेल्याला यंत्राचा आवाज सहन झाला नाही, तर जुन्या शेजाऱ्याच्या मौनाचा काहीही उपयोग होत नाही.

काही वर्षांनी हक्क मिळतो हा शेवटचा दावा बहुधा इंग्लंडच्या कायद्याच्या अर्धवट माहितीतून निघाला असावा. तिथे घराच्या वापरात परवानगीशिवाय बदल होऊन तो सलग दहा वर्षे चालू राहिला आणि त्या मुदतीत प्रशासनाने कारवाई केली नाही, तर पुढे कारवाई करता येत नाही, आणि तसे प्रमाणपत्रही मागता येते. मात्र ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे, पुरावा देण्याची जबाबदारी वापर करणाऱ्यावर असते, आणि वापर हेतुपुरस्सर लपवून ठेवला असेल तर ही मुदत आड येऊ नये अशीही सोय कायद्यात आहे. मुख्य म्हणजे ही त्या देशाच्या कायद्याने स्पष्ट शब्दांत दिलेली सवलत आहे. जिथे कायद्यात असे कलम नाही तिथे वर्षे मोजून काही मिळत नाही. दिल्लीतील कित्येक दुकाने दहाहून अधिक वर्षे चालू होती.

या संदेशाच्या समर्थनार्थ नेहमी एक युक्तिवाद केला जातो, त्याचाही विचार करायला हवा : हे नियम जुन्या काळचे आहेत, आता निम्मे जग घरून काम करते, तेव्हा ते पाळण्यात अर्थ नाही. यातील पहिला भाग मला मान्य आहे. पगारी मदतनीस एकही नको, ही अट कामाच्या गरजेपेक्षा कडक आहे. विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी दारावर वीतभर पाटीही लावू नये, यात शेजाऱ्यांचे कोणते हित साधते ते मला कळत नाही. अशा अटी बदलाव्यात यासाठी आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा घरगुती व्यवसाय करणाऱ्यांनी एकत्र येऊन लेखी म्हणणे मांडले पाहिजे; सहसा त्या मुदतीत मोठे विकासकच तत्परतेने अर्ज करतात आणि घरात बसून काम करणाऱ्यांचा आवाज नोंदवलाच जात नाही. तोवर ज्याला काम सुरू करायचे आहे त्याने आपल्या घराचा विभाग कोणता हे आराखड्यात पाहावे, नियमावलीतील घरगुती व्यवसायाची व्याख्या मुळातून वाचावी, आपण किती जागा, किती माणसे, किती यंत्रशक्ती वापरणार आणि किती लोक ये-जा करणार हे कागदावर मांडून नगररचना विभागाकडे लेखी विचारणा करावी, आणि उत्तरही लेखीच मागावे. खिडकीवर तोंडी मिळालेले ‘चालेल’ पुढे नोटीस आल्यावर दाखवता येत नाही. ही विचारणा यंत्र विकत घेण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

नियम बदलतात याची उदाहरणे आहेतच. न्यूयॉर्कने घरगुती व्यवसायाचे आपले नियम जून २०२४ मध्ये सैल केले. फ्लोरिडा राज्याने १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने स्थानिक प्रशासनांचा घरगुती व्यवसायांवर मनाई घालण्याचा अधिकारच मोठ्या प्रमाणात काढून घेतला; घरगुती व्यवसायाच्या बाजूने इतका स्पष्टपणे उभा राहणारा कायदा क्वचितच सापडेल. त्या कायद्यातही घराबाहेरून येणारे कामगार दोनपर्यंतच असावेत, वाहने लावण्याची गरज तशाच इतर घरांपेक्षा जास्त नसावी, रस्त्यावरून पाहता ते घर घरच दिसावे, आणि आवाज, कंपने, धूर, धूळ व वास यांविषयीचे स्थानिक नियम पाळले जावेत, या अटी कायम ठेवलेल्या आहेत.